उरलेल्या पाण्यावरची शर्यत

मुळशीत राहणाऱ्या माणसाला पाण्याचं फार कौतुक नसतं. जूनच्या मध्यापासून ते आभाळातून येतं, कौलांतून येतं, भिंतींतून येतं आणि ऑगस्टपर्यंत कपाटातल्या पुस्तकांतूनही यायला लागतं. पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी हे पाणी बघायला येतात, कणसं खातात, फोटो काढतात आणि ‘काय नशीबवान आहात हो’ असं म्हणून कोरड्या घरी परत जातात. आम्ही हसतो आणि उरलेले कपडे पंख्याखाली वाळत घालतो.

तर अशा माझ्या घरात पाण्याचा विषय आवडीने निघायला लागला तो भाचीमुळे. ती पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली. हल्ली त्याला सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणायचं असतं, पण 1854 सालच्या संस्थेला आमच्या पिढीने नव्या नावाने हाक मारायची म्हणजे आजीला नवं टोपणनाव ठेवण्यासारखं आहे. आईवडिलांना वाटलं, पोरगी अभ्यासाला लागली. पोरीने पहिल्याच सत्रात बोट क्लबात नाव घातलं आणि पहाटे पाचला उठायला लागली. जिला शाळेसाठी सातला उठवताना घर डोक्यावर घ्यावं लागायचं, ती अंधारात आपणहून उठून नदीवर जाते हे तिच्या आईला इतकं संशयास्पद वाटलं, की ती एकदा मागोमाग जाऊन बघून आली. खरंच नदीवरच जात होती.

हा बोट क्लब मुळा-मुठेच्या संगमाजवळ आहे, आणि त्याचं वय शंभराच्या घरात आलंय. पुणेकराचं आणि नदीचं नातं तसं औपचारिकच. पूर आला की पुलावर गर्दी करून क्युसेकवर चर्चा करायची आणि एरवी काचा वर करून पूल ओलांडायचा. नदीशी रोजची बोलचाल असणारी जी थोडी माणसं शहरात उरली आहेत, त्यांत या क्लबाची पोरं येतात. नदीचा रंग कुठल्या महिन्यात कोणता असतो, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी श्वास रोखायचा, कुठे तळ वर आलाय, हे त्यांना पाठ असतं.

आणि नदी तरी कुठली? मुळा उगम पावते आमच्या तालुक्यात. रीतसर वागली असती तर इथला सगळा पाऊस घेऊन ती पुण्याला गेली असती, भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीला धरण बांधलं. त्यात गावं आणि भाताची खाचरं बुडाली. 1921 साली सेनापती बापट मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला उभे राहिले, तुरुंगात गेले, आणि धरण तरीही झालं. ते दुखणं इथल्या जुन्या घरांत अजून आहे, त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. पाण्याचं मात्र असं झालं, की ते पूर्वेला जायचं सोडून डोंगरातून पश्चिमेला वळलं आणि कोकणात भिऱ्याच्या वीजघरात कोसळायला लागलं. तिथे वीज तयार झाली की ते कुंडलिकेत येतं, आणि कोलाडला जे राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे घाटाखाली आमच्या पाण्यावर हौशी मंडळी रबरी होडक्यांत बसून किंचाळत असतात, आणि पुण्याकडे जातं ते उरलंसुरलं. वाटेत त्यात काय काय मिसळतं हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मुठेची गोष्टही फार वेगळी नाही. तिला खडकवासल्याने धरून ठेवलंय. त्या धरणावर 1903 साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी, आणि ते शिकले याच कॉलेजात. आपल्याच माजी विद्यार्थ्याने वर पाणी अडवावं आणि आजी विद्यार्थ्यांनी खाली त्याची वाट बघावी, याला परंपरा म्हणतात. वल्हवण्यापुरतं पाणी संगमाशी तुंबून राहतं त्याला आणखी खालचा बंडगार्डनचा बंधारा कारण. तो सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला, शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. आता ते पाणी पिण्याची कल्पनाही करवत नाही. पण साहेबाच्या काळापासून त्या थांबलेल्या पाण्यावर पुण्यात शर्यतीच्या नावा चालल्या आहेत.

मुळशीच्या तलावात मैलोन्‌मैल स्वच्छ पाणी, पण तिथे शर्यतीची नाव मी तरी पाहिलेली नाही. पुण्यात नावा, क्लब, शिट्ट्या, चषक, सगळं आहे. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच.

दिवाळीच्या सुटीत भाची आली ती तळहात मिटून. मामीने उघडायला लावले तर बोटांच्या मुळाशी ओळीने फोड, दोन फुटलेले. मामी खोबरेल तेल घेऊन धावली. भाची ओरडली, “नको मामी! कातडी मऊ पडेल. घट्टे पडायला हवेत.” आमच्या घरात घट्टे पडावेत म्हणून तेल नाकारणारी ही पहिलीच मुलगी.

मग तिने जेवणाआधी आम्हाला वल्हवणं शिकवलं. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर पाट, पाटावर ती. पाट मागेपुढे सरकायला हवा, कारण खऱ्या नावेत बैठक रुळांवर सरकते. गुडघे छातीशी, हात पुढे. “बघा मामा, सगळ्यांना वाटतं हातांनी ओढायचं. तसं नाही. आधी पायांनी रेटायचं, मग कंबर मागे, सगळ्यात शेवटी हात. परत येताना उलट. आधी हात, मग कंबर, मग पाय. आणि परत येताना घाई नाही करायची.” हे म्हणत तिने पाय रेटले आणि पाट सतरंजीसकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. मामी कढईकडे लक्ष ठेवून म्हणाली, “माझी आजी जात्यावर पहाटे हेच करायची. तिला कोणी चषक दिला नाही.”

पुढे कळलं, की पाण्यावर बसवायच्या आधी तिला महिनाभर कोरड्यावर बसवलं होतं. अर्गोमीटर नावाचं यंत्र असतं. सरकती बैठक, साखळीला बांधलेली मूठ, पुढे वारा कापणारं चाक आणि समोर आकडे. ऑलिम्पिकची शर्यत 2000 मीटरची, म्हणून ही पोरं त्या यंत्रावर दोन किलोमीटर जातात आणि उतरतात तेव्हा बसली होती तिथेच असतात. शेवटच्या पाचशे मीटरला डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. उतरून कोणी बादलीकडे धावतं, कोणी जमिनीवर उताणं पडतं, आणि दहा मिनिटांनी सगळे मिळून मिसळपावावर तुटून पडतात.

पाण्यावरची पहिली इयत्ता म्हणजे पंट, रुंद आणि सोशिक. मग कधीतरी एकट्याची निमुळती नाव मिळते. ती आठ मीटरच्या आसपास लांब, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे वजनाला कमीत कमी 14 किलो; कॉलेजातल्या म्हाताऱ्या नावा याहून बऱ्याच जड. रुंदी बसणाऱ्यापुरती. ती सरळ राहते ती दोन्ही बाजूंना पसरलेल्या वल्ह्यांच्या आधारावर. मुठी सोडल्या की माणूस पाण्यात. त्यामुळे वल्हवताना फोन घेता येत नाही, आणि तिच्या आईचा या खेळावर राग आहे त्याचं खरं कारण हेच असावं असं मला वाटतं.

तोल हा पहिला शत्रू, दुसरा शत्रू जलपर्णी. ही दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या मोहाने कोणीतरी जगभर नेली आणि सांडपाण्यावर पोसलेल्या आपल्या नद्यांत तिने मुलाबाळांसकट संसार थाटला. हिवाळा सरताना मुळा-मुठेवर तिचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून फार सुंदर दिसतो. वल्हं त्यात गेलं की मूठ उलटी येऊन पोटात बसते. वल्हवणारा पाठमोरा, त्यामुळे समोरून तरंगत येणारं बेट त्याला दिसत नाही. दर थोड्या वेळाने मान वळवून बघावं लागतं. भाचीची मान त्या सत्रात कायम डावीकडे लचकलेली असे.

या जलपर्णीची फेड एकाच माणसाने केली असं मी मानतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ. गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खणलेला हा मुलगा 2012 साली लष्करात भरती झाला, आणि तिथे त्याच्या हाती वल्हं आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची. वाटणारच, पाणी बघितलं होतं कधी एवढं? सराव दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे पवना मुळेला मिळते त्या परिसरात. 2016 साली हा गडी ब्राझीलमध्ये रिओ ऑलिम्पिकला गेला आणि एकट्याच्या नावेत जगात तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक. रिओतल्या पाण्याच्या घाणीबद्दल तेव्हा जगभर ओरड चालली होती. पुण्यात सराव केलेल्या माणसाला त्यात नवीन काय वाटलं असेल! ब्राझीलने आपल्याकडे जलपर्णी पाठवली, आपण दत्तूंना पाठवलं. व्यवहारात आपण फायद्यात राहिलो.

मार्चमध्ये रेगाटा झाला. नेमका सबमिशनच्या दिवसांत. अर्ध्या पोरांच्या हातात वल्ही आणि डोक्यात राहिलेल्या जर्नल्स. रेगाटा म्हणजे नुसत्या शर्यती नव्हेत. पंट आणि कयाक पाण्यावर आकृत्या करतात, टेलिमॅच नावाच्या खेळांत धमाल चालते, अंधार पडला की मशाली पेटतात. काठावर माजी विद्यार्थ्यांची दाटी. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ नातवाला सांगत होते, “आमच्या वेळी पाणी काय स्वच्छ होतं!” त्यांच्या मागे ऐंशीचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, “तुमच्या वेळी? तुमच्या वेळी बिघडलंच होतं. आमच्या वेळी!” हा हिशेब मागे नेत गेलं तर क्लब निघाला तेव्हा तिथून काशीची गंगाच वाहत असली पाहिजे.

भाचीची शर्यत लागली. काठावरचे सगळे ‘जोर लाव, जोर लाव’ ओरडत होते आणि मामी एकटी ‘हळू गं, पडशील!’ म्हणून ओरडत होती. भाचीने मामीचं ऐकलं असावं. ती शेवटून पहिली आली. नाव काठाला लागल्यावर तिने आधी तळाशी हात घालून फिनमध्ये अडकलेला जलपर्णीचा झुपका ओढून काढला आणि पुराव्यादाखल आम्हाला दाखवला. मग शर्यतीतल्या चौघींनी मिळून ती नाव डोक्यावर घेतली आणि चिखलातून वर नेली. हरलेली नावही तितकीच जड असते, पण चौघी हसत होत्या, आणि त्यातली जिंकलेली कोण हे मला लांबून ओळखता आलं नाही.

जूनमध्ये नावा फळ्यांवर चढल्या. पावसाळ्यात नदीवर जाणं बंद. तरी भाचीचा मला फोन येतो, आणि तोही कधी नव्हे तो सकाळी.

“मामा, तुमच्याकडे पाऊस किती झाला?”

बाकी सगळे हा प्रश्न सहलीसाठी विचारतात. हिला धरणातून पाणी सोडतात की काय याची काळजी, कारण पूर आला तर खालच्या फळ्यांवरच्या नावा वर न्यायला धावावं लागतं.

“धो धो पडतोय,” मी म्हटलं. “तलाव भरत आलाय.”

“मग थोडं पाणी मार्चपर्यंत तिकडेच ठेवा ना,” ती म्हणाली. “आणि तेव्हा स्वच्छ असेल तसंच पाठवा.”

धरण टाटांचं आहे, माझ्या गच्चीवरची टाकी नव्हे, हे सांगेपर्यंत तिने फोन ठेवला होता. व्हायवा होती.