घरबसल्या ग्रँडमास्टर व्हा

कराटे, ज्युदो, ऐकिदो किंवा केंडो शिकायची इच्छा असेल, तर हा लेख इथेच सोडावा. शिकण्यात आयुष्य जातं, गुडघे जातात आणि रविवारची झोप तर पहिल्याच आठवड्यात जाते. खालील मार्गदर्शन फक्त पदव्यांपुरतं आहे.

१. रंग निवडा

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना ज्युदोचा पहिला डान, म्हणजे वरचा दर्जा, दिला. डानची पद्धत त्यांनी गो या पटावरच्या खेळातून उचलली. काळा पट्टा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आला. पहिला डान मिळालेला माणूस आता कुठे शिकण्याजोगा झाला, असं तिथे मानतात. हे घरी कुणाला सांगू नये. पेढे परत मागतील.

पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगपंचमी पुढे युरोपात बहरली. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा त्यात मोठा हात. आपली प्रगती होते आहे हे तिथल्या शिष्यांना लवकर दिसायला हवं होतं. तुम्ही हीच कल्पना पुढे न्या. दोन रंगांच्या मध्ये एक पट्टी, दोन पट्ट्यांच्या मध्ये अर्धी पट्टी. प्रत्येक पट्टीला परीक्षा, प्रत्येक परीक्षेला फी, आणि फारच मागितली तर पावती.

आकड्यांचाही फायदा घ्या. काळ्या पट्ट्याखालच्या दर्जांना क्यू म्हणतात. ते उतरत जातात, म्हणजे पाचवा क्यू तिसऱ्याच्या खाली. वरचे डान मात्र चढत जातात. लग्नात एखाद्या काकांनी विचारलंच, तर नुसतं ‘पाचवा’ म्हणा आणि जिलबी घ्या. पाचवा काय, हे काकांचं काका बघतील.

स्वतःसाठी काळ्यावर थांबू नका. ज्युदोत सहाव्यापासून आठव्या डानपर्यंत लाल-पांढरा पट्टा असतो, नवव्या-दहाव्याला लाल. फक्त एक जपा: कराटेच्या काही शाळांत लाल पट्टा नवशिक्या पोरांना देतात. फोटो काढताना शेजारी कोण उभं आहे ते पाहून घ्यावं.

२. पट्टा मुरवा

नवा कोरा काळा पट्टा चुगली करतो. चांगल्या पट्ट्याला वरून काळं साटीन आणि आत पांढरं सुती कापड असतं. वर्षानुवर्षं गाठ बसते तिथलं साटीन आधी विरतं, मग कडा फुटतात, आणि पोटावर आतला पांढरा दोरा डोकावू लागतो. जाणकार आधी तिथेच बघतात. पॉलिशपेपरच्या एका तुकड्याने वीस वर्षांची तपश्चर्या एका संध्याकाळी उरकते. मात्र घासायचं ते गाठीपाशी. टोकं तेवढी फाटलेली आणि गाठ नवी असली, तर पट्टा उंदराने खाल्ला असं दिसतं.

३. देणारा शोधा

गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली टोकियोत आपल्या शिष्यांना कराटेचे पहिले डान दिले. स्वतः त्यांना डान कुणीच दिला नव्हता! हा दाखला तोंडपाठ करा. ते ओकिनावात लहानपणापासून अझातो आणि इतोसू या गुरूंच्या हाताखाली काही दशकं घाम गाळत होते, हा भाग वेळेअभावी वगळावा.

आता आपला हात जगन्नाथ. एक महासंघ काढा. नावात ‘जागतिक’ हवंच. अध्यक्ष तुम्ही, सचिव मेहुणा, कार्यालय बेडरूम. मग दुसऱ्या गावातला असाच एक अध्यक्ष गाठा. तुम्ही त्याला आठवा डान द्या, तो तुम्हाला नववा देईल. अहो रूपम् अहो ध्वनिः! कोदोकानने २००६ पर्यंत दहावा डान फक्त १५ जणांना दिला. एवढा अनुशेष एका वार्षिक सभेत भरून निघतो, चहापाण्यासकट.

४. उपाधी लावा

क्योतोत १८९५ साली स्थापन झालेल्या दाई निप्पोन बुतोकुकाईने शिकवणाऱ्यांसाठी उपाध्या ठरवल्या. रेन्शी, त्यावर क्योशी, सर्वांत वर हान्शी. केंडोत आजही त्या डानपाठोपाठ येतात, पण आपोआप नव्हे. वय, अनुभव आणि वागणूक पाहून देतात. शिवाय शिहान, म्हणजे गुरूंचा गुरू, आहे, आणि सोके आहे. सोके म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या परंपरेचा कुलप्रमुख. परंपरा नसेल तर सोमवारी काढावी आणि मंगळवारी तिचं कुलप्रमुखपद स्वीकारावं.

‘सेन्सेई’बाबत जपानी लोकांचा एक विचित्र संकोच आहे. शिक्षकाला, डॉक्टरला, वकिलाला, अगदी पुढाऱ्यालाही तिथे सेन्सेई म्हणतात. पण ते दुसऱ्याने म्हणायचं. स्वतःची ओळख करून देताना माणूस नुसतं आडनाव सांगतो. तुम्ही असा भिडस्तपणा करू नका. कार्डावर, गाडीच्या काचेवर, व्हॉट्सॲपच्या डीपीखाली सगळीकडे छापा. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागेल तेव्हा ‘ग्रँडमास्टर शिहान सोके सेन्सेई’ एवढं एका ओळीत बसवा. नाव दुसऱ्या ओळीत, जागा उरली तर.

५. यांच्या वाटेला जाऊ नका

केंडो टाळाच. तिथे दर्जा दाखवणारा पट्टाच नाही. आठव्याच्या वरचा डानही मिळत नाही. नववा आणि दहावा २००० साली बंदच करून टाकले. आठव्याच्या परीक्षेला वय किमान ४६ लागतं आणि सातवा मिळून दहा वर्षं झालेली असावी लागतात. क्योतोच्या मोठ्या हॉलमध्ये पन्नाशी-साठीचे, काही सत्तरीचेही, छातीखाली क्रमांक लावून रांगेत बसतात. दोन-दोन मिनिटांच्या दोन लढती. भराभर फटके मारणारा गेलाच. समोरच्याला नुसत्या पवित्र्याने दाबून धरून नेमका घाव घालावा लागतो. शंभरात साधारण एक पास होतो. उरलेले बांबूची तलवार पिशवीत घालून घरी जातात आणि पुन्हा अर्ज भरतात. यात फी भरून कुणाचं समाधान होणार?

केइको फुकुदा यांचाही कित्ता गिरवू नका. कानोंची ही शिष्या चणीने अगदी लहान. बाईमाणूस म्हणून कोदोकानमध्ये वर्षानुवर्षं पाचव्या डानवर अडकून पडली. सहावा मिळाला १९७२ साली. कोदोकानचा नववा २००६ साली, आणि दहावा २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने दिला, तेव्हा वय ९८. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत बाई शिकवतच होत्या. एवढ्या काळात माणसाने आठ-दहा महासंघ काढले असते.

६. शंका-समाधान

*कुणी ‘जरा करून दाखवा ना’ म्हटलं तर?*
आपली विद्या जीवघेणी आहे, चारचौघांत दाखवता येत नाही, असं गंभीरपणे सांगावं. मागेच लागला, तर एखाद्या शिष्याला पुढे करावं. शिष्य निवडताना जो हात लागण्याआधीच पडतो असा निवडावा.

*खरोखरच कुणी अंगावर आलं तर?*
आधी पट्टा सोडा. पळताना पायात येतो. लाल-पांढरा असेल तर खिशात कोंबा, लांबूनही ओळखू येतो.