देवांचे मुलकी दाखले

रोमन देवतांची नावे मूळ तुर्की धातूंपासून निघाली, असे प्रतिपादन करणाऱ्या विद्वानांना जे हसतात, त्यांनी काही काळ हैदराबादेस येऊन राहावे. कारण ज्या संस्थानात सलग १५ वर्षांच्या वास्तव्यावर मनुष्यास मुलकीपणाचा हक्क मिळत असे, त्या संस्थानाच्या राजधानीने सहस्रावधी वर्षांच्या देवांना तो नाकारावा, हा उघड अन्याय होय.

पुराव्याची तर मुळीच टंचाई नाही. विद्यादेवी मिनर्व्हा ही चारमिनारचीच कन्या. आणि १५९१ साली चारमिनार उभारणारा मुहम्मद कुली कुतुबशाह हा कारा-कोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढीवाल्या तुर्कमानांच्या वंशातला. तस्मात् मिनर्व्हा तुर्की. 'मिनार' शब्द अरबी आहे, ही क्षुद्र आक्षेपकांची बाब. अग्निदेव व्हल्कन हा गोवळकोंड्याचा जुना रयत असून दूरच्या प्रवासात त्याचा 'गो' गळाला आणि 'डा' झिजला, इतकेच. म्यूझ भगिनींचे माहेर मूसीच्या काठी होते. त्यासंबंधीचे दस्तऐवज सप्टेंबर १९०८ च्या महापुरात वाहून गेले, आणि कागद सापडत नाही, यापरते कागद होता याचे प्रबळ प्रमाण कोणते?

या शास्त्रास राजाश्रयही लाभलेला आहे. सूर्याकडे पाहून आदिमानवाने काढलेल्या पहिल्या उद्गारातून सर्व भाषा जन्मल्या व तो उद्गार तुर्की होता, असा 'सूर्यभाषा सिद्धान्त' १९३६ साली इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यातील भाषापरिषदेत गाजला; १९३८ साली त्याचे आश्रयदाते अतातुर्क निवर्तले आणि पाठोपाठ हा सूर्यही मावळला. आपणही मागे नाही, पु. ना. ओकांना व्हॅटिकनात वाटिका दिसली होती.

याउलट ज्युपिटरचे प्रकरण किती नीरस! वैदिक द्यौष्पितर, ग्रीक झ्यूस पातेर आणि हा ज्युपिटर यांचे गोत्र एक ठरले, ते नावे कानाला सारखी लागली म्हणून नव्हे. तर संस्कृत 'श'च्या जागी लॅटिनात 'क' येतो, हा नियम दश-देकेम, शत-केन्तुम, पशु-पेकू येथे निमूटपणे पाळला जातो, तशाच नियमांच्या कसोटीस ही नावेही उतरली म्हणून. तुर्की शब्द हैदराबादेत खरोखरच आले आहेत. उर्दू हे नावच छावणीवाचक 'ओर्दू'पासूनचे, आणि तोफ, कैची, बेगम हीही त्याच गोतावळ्यातली. परंतु फौजांच्या व फारसी दफ्तरांच्या मार्फत आलेल्या या मंडळींपाशी रीतसर परवाने असल्यामुळे त्यांच्याविषयी कोणास स्फुरण चढत नाही.

सबब देवांच्या मुलकी दाखल्यांसाठी सरकारने स्वतंत्र महकमा उघडावा, आणि अट एकच घालावी: ज्या हिशेबाने एक नाव जुळवले, त्याच हिशेबाने आणखी शंभर शब्द जुळवून दाखवावेत, अन्यथा अर्ज दाखल-दफ्तर. या अटीने अर्जदार हटतील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. नियम वाचण्याची सवय असती, तर त्यांनी मुळात अर्जच केला नसता.