साहेब, फॉर्म बी!

‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे पेशंट म्हणाला की डॉक्टरसाहेबांचा पारा चढतो. शुगर आजच तपासायची, गोळी एक दिवसही चुकवायची नाही! त्याच साहेबांच्या नर्सिंग होममध्ये जिन्याखालच्या अग्निशामक नळकांड्याची रिफिलची तारीख केव्हाच उलटलेली असते आणि त्याच्यावर कुणाचा तरी रेनकोट वाळत असतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. जानेवारीत साहेबांच्या परिषदा असतात. जुलैत डेंग्यूचे पेशंट.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, १० नवजात बाळे गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटची एकच धावपळ उडाली. ती ओसरलीही.

जैववैद्यकीय कचरा मात्र चालढकलीला दाद देत नाही. २०१६ च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही, आणि गाडी चुकली की पिवळी पिशवी स्वतःच बोभाटा करते. नर्सिंग होमच्या नोंदणी नूतनीकरणाच्या फायलीला वास येत नाही, हे साहेबांचे नशीब. सिस्टरने तिच्यावर ‘अर्जंट, सही हवी’ अशी चिठ्ठी डकवली होती. साहेबांनी घाईघाईत चिठ्ठीवरच सही केली.