नातवाची खुशाली

जहाजावरही खुशाली घेतात, म्हणजे ठरल्या पैशांवर खुशीचे म्हणून आणखी पैसे घेतात, हे ऐकून वाळव्यात, पलूसमध्ये किंवा कराडात कुणाला धक्का बसलेला नाही. या विषयातले आम्ही जुने जाणकार. आम्ही चक्रावलो ते हिशेबाच्या पद्धतीनं. आमच्याकडे ऊसतोडीची खुशाली एकरावर ठरते. जहाजावर ती डोक्यावर ठरते, आणि डोकं केवढं आहे हे कुणी बघत नाही.

उसाचं बिल वेळेवर जमा झालं आणि त्याच आठवड्यात पेपरात सहलीची जाहिरात आली, असा दुर्मीळ योग आमच्या दाजींच्या कुंडलीत यंदा होता. दाजी, आक्का, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू अशी पाच डोकी सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेली. जाहिरातीत राहणं, खाणं, पोहणं, नाचणं सगळं समाविष्ट होतं. आक्काला नाचायचं नव्हतं, पण समाविष्ट होतं. पानाच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, जहाजावरची टीप वेगळी आणि अनिवार्य असल्याचं छापलं होतं. दाजींनी ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी काही बिघडलं नसतं. अनिवार्य आनंदाची त्यांना सवय आहे.

शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद आला. माणशी, दिवसाला 16 डॉलर. पाच माणसं, चार दिवस, 320 डॉलर. डॉलर नव्वदीच्या आसपास धरला तर 28 हजारांच्या वर. दाजींना रुपये टनात केल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "एक ट्रॉली गेली."

चौघा मोठ्यांचं त्यांना काही वाटलं नाही. खाल्लं, लोळलो, दिले. घोडं अडलं ते नातवावर. नातवालाही दिवसाला 16 डॉलर, म्हणजे आजोबांना जेवढे तेवढेच. या गृहस्थांनी जहाजावर नेमकं काय केलं, याची दाजींनी रात्री बसून उलटतपासणी घेतली. पहिल्या दिवशी ते रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईनं सांगलीहून बांधून आणलेलं भडंग खाल्लं आणि त्यातले शेंगदाणे गालिच्यात पेरले. जेवणाच्या दालनात चाळीस पदार्थ मांडलेले असताना त्यांना फक्त दहीभात हवा होता, आणि दहीभात चाळिसांत नव्हता. खोली आवरणाऱ्या माणसानं टॉवेलाला पीळ घालून खास त्यांच्यासाठी माकड केलं आणि दांडीला टांगलं. ते माकड बघून चिरंजीव रात्रभर झोपले नाहीत, आणि त्यांनी कुणाला झोपू दिलं नाही. सेवा मिळाली, हे खरं. पण या सेवेचे पैसे कुणी कुणाला द्यायचे, हा प्रश्न राहतोच. बारमध्ये त्यांना प्रवेश नाही, जुगाराच्या दालनात नाही, रात्रीचा खेळ सुरू होईतो झोप लागलेली. पाण्याच्या घसरगुंडीवरून उंची कमी म्हणून परत पाठवलेलं. घसरगुंडीला हे डोकं अपुरं पडतं, खुशालीला मात्र पुरून उरतं. याच डोक्याला एसटीत तिकीट नाही, रेल्वेत नाही. याला मतदानाला अजून चौदा वर्षं आहेत. हा चपला उलट्या घालतो. पण सेवेबद्दल समाधान व्यक्त करण्याची त्याची कुवत दिवसाला 16 डॉलर आहे, आणि ते समाधान तो झोपेतसुद्धा व्यक्त करतो, असं त्या जहाजाचं मत पडलं.

जाहिरातीत अनिवार्य छापलेली ही रक्कम ऐच्छिक आहे, असं काउंटरवर सांगतात, आणि ते खोटं नाही. बऱ्याच जहाजांवर ती सांगून काढून घेता येते. फक्त ती आधी लागते आणि मग काढावी लागते. लावण्यासाठी कुणाला रांगेत उभं राहावं लागत नाही, काढण्यासाठी राहावं लागतं. दाजी राहिले. समोरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, सेवेत काही उणं राहिलं का? मुलगा दुभाष्या झाला होता.

"पोरगं खूश न्हवतं, असं सांग तिला."

कशामुळे खूश नव्हता, असं मुलीनं विचारलं.

"ते जल्मल्यापासनं आमी बी हुडकतूय म्हणावं."

मग मुलीनं आवाज न चढवता सांगितलं की हे पैसे खोल्या आवरणाऱ्या, ताटं वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या पोरांना वाटले जातात. रांगेतली मागची माणसं दाजींच्या पाठीकडे बघायला लागली. तीही त्याच कामाला उभी होती, तरी बघायला लागली. दाजी निमूटपणे खोलीत परत आले. माकड अजून दांडीला होतं.

बोटी आमच्या साताऱ्यातही आहेत. बामणोलीहून वासोट्याला जायचं तर शिवसागरातून बोट ठरवावी लागते, आणि दर बोटीचा असतो. बोटीत चार वर्षांचं पोरगं असो की चाळीस वर्षांचं, बोटवाला मान मोजून आनंदाची आकारणी करत नाही. उतरताना चहापाण्याला काही दिलं तर घेतो, नाही दिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कोयनेचं पाणी गोडं आहे, त्यामुळे असेल.

जमिनीवर हा प्रश्न कायद्यानं सुटलेला आहे, अशी आपली समजूत आहे. 2022च्या जुलैत दिल्लीहून मार्गदर्शक तत्त्वं आली: हॉटेलांनी बिलात सेवा आकार आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही लावायचा नाही. हॉटेलवाले न्यायालयात गेले. 2025च्या मार्चमध्ये निकाल लागला आणि तत्त्वं कायम राहिली. सिंगापूरहून सुटणाऱ्या, भलत्याच देशाचा झेंडा लावलेल्या जहाजापर्यंत हा निकाल पोहोचत नाही, हे ठीक. पण तो महाबळेश्वर-पाचगणीच्या घाटापर्यंत तरी पोहोचावा की नाही? पोहोचलाय म्हणतात. बिलात आता तो आकार नसतो. आता बडीशेप असते. बिल 460 रुपये, तुम्ही 500ची नोट देता. परत यायच्या 40 रुपयांत वीसच्या दोन नोटा कधी येत नाहीत. दहाची एक नोट, बाकीची नाणी, आणि ती नाणी बडीशेपेत पुरलेली. माझे स्वतःचे पैसे मी चार लोकांदेखत खडीसाखरेतून उकरून काढायचे, आणि वेटर हात मागे बांधून ते उत्खनन बघत उभा. एक नाणं उचललं तर कंजूष, सगळी उचलली तर भिकारी, आणि काहीच उचललं नाही तर शेठ. मोबाईलवर पैसे द्यायला लागल्यापासून बडीशेप ओस पडली म्हणून मी खूश होतो. तर आता पैसे भरायच्या चौकटीत रक्कम टाकताना वेटर खांद्यावरून वाकून बघतो, आणि आकडा गोळाबेरजेचा नाही हे दिसल्यावर एक सुस्कारा सोडतो. सुस्काऱ्याविरुद्ध दिल्लीत दाद मागता येते का, याची चौकशी मी करणार आहे.

म्हणून म्हणतो, खुशाली घ्यावी तर उसातल्यासारखी. तिथे बडीशेप नाही, दुभाष्या नाही, कागद नाही. तोडणीची टोळी फडात उतरते, बांधावर दोन माणसं येतात आणि विचारतात, "मालक, खुशालीचं कसं करायचं?" घासाघीस होते, एकरी काही हजारांवर गाडं थांबतं. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची एन्ट्री निराळी, ती दर खेपेला. जेवण त्याहून निराळं, आणि त्या जेवणात वांगं चालत नाही. तुम्ही नाही म्हटलं तर कुणी अपमान करत नाही. फक्त कोयता चार बोटं वर लागतो आणि सगळ्यात गोड बुडखा रानात राहतो. भरलेल्या ट्रॉलीचं चाक बरोबर तुमच्याच सरीत रुततं, आणि ओढायला दुसरा ट्रॅक्टर तुम्ही आणायचा असतो. नाहीतर टोळी शेजारच्या फडात जाते आणि तुमचा ऊस उभाच राहतो. त्याला तुरा फुटतो, तो आतनं पोकळ पडतो, वजन घटत जातं. जहाजावर मागच्या माणसांची नजर जे काम करते, ते इथे तुरा करतो.

तक्रारीची सोय आहे. साखरेच्या सरकारी कचेरीतून तशी परिपत्रकं निघालेली आहेत: शेतकऱ्यानं लेखी तक्रार करावी, खरी निघाली तर घेतलेली रक्कम तोडणी-वाहतुकीच्या बिलातून कापून त्याला परत द्यावी. तक्रार द्यायची कुणाकडे? कारखान्याच्या शेती खात्याकडे. आणि पुढच्या हंगामात तुमच्या उसाला तोड कधी लावायची, हे ठरवतं कोण? शेती खातं. तक्रारी फारशा येत नाहीत, यावरून शेतकरी किती खूश आहे ते दिसतंच.

इथवर हसून झालं. आता जरा हिशेब बघू. 2025-26च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याच्या उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, टनाला 3550 रुपये. उतारा जास्त तर थोडे जास्त. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून घेतात आणि उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यावर पडतं. म्हणजे ऊस तोडायचे पैसे त्यानं एकदा भरलेले असतात. मग फडात पुन्हा कशाचे मागता? विचारा त्या टोळीला. विचारायला तोंड असेल तर विचारा. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. वाढून किती झाला? टनाला 366 रुपये. टनभर ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, थंडीत, पहाटे, आणि 366 रुपये. चार टन केले की दाजींच्या नातवाची जहाजावरची एका दिवसाची टीप भरून निघते. चार टन म्हणजे एका कोयत्याचे दोन दिवस, आणि कोयता एक म्हटला तरी त्याला नवरा आणि बायको अशी दोन माणसं असतात. तेही पैसे हातात येत नाहीत, हंगामाआधी घेतलेल्या उचलीत वळते होतात. उचल फिटत नाही. कोप्यांबाहेर त्यांचंही चार वर्षांचं पोर पाचटात खेळत असतं, आणि त्याच्या नावानं कुणी कसला आकार लावत नाही, कारण ते कुठल्याच कागदावर नसतं. जहाजावर माकड करणारा तो पोरगा रत्नागिरीचा असेल, गोव्याचा असेल, फिलिपिन्सचा असेल. सात-आठ महिन्यांच्या करारात त्याला आठवड्याची सुट्टी नसते. त्याला पगार कमी द्यायचा आणि तूट दाजींच्या शरमेतून भरून काढायची. टोळीला दर कमी द्यायचा आणि तूट शेतकऱ्याच्या भीतीतून भरून काढायची. मग दाजी टोळीला शिव्या घालतात, टोळी दाजींना घालते, आणि दोघांच्या मधली मलई ज्यानं खाल्ली तो या भांडणात कधी नसतोच. तो फडात उतरत नाही. जहाजावर असलाच तर वरच्या मजल्यावर असतो, आणि तिथे त्याची टीप त्याची कंपनी भरते.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

यंदा दाजींच्या रानात टोळी आलीच नाही, तोडणी यंत्र आलं. दाजी सुटलो म्हणाले. यंत्राला पोट नाही, उचल नाही, बीडला पाडव्याला जायचं नाही. यंत्रावरचा पोरगा खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "मालक, मशीनची खुशाली?" दाजींनी यंत्राकडे नीट निरखून पाहिलं. ते खूश आहे की नाराज, हे सांगणं अवघड होतं. धूर दोन्ही वेळा तसाच येत असावा. पैसे दिले. वर यंत्रानं तोडला म्हणून वजनातून पाचटाची वजावट गेली, ती वेगळी.

दाजींच्या मते या सगळ्या व्यवहारात एकच मोठी उणीव आहे. ड्रायव्हरला मिळते, टोळीला मिळते, यंत्राला मिळते, जहाजावरच्या न दिसलेल्या भांडी घासणाऱ्यालाही मिळते. ऊस पिकवणाऱ्याला आजवर कुणी खुशाली दिलेली नाही. साखर खाऊन झाल्यावर कुणी विचारत नाही की बाबा, तुझं काय द्यायचं? तेव्हा परवा त्यांनी पत्र्याचा बोर्ड रंगवून बांधावर रोवला आहे. मजकूर नातवाच्या हजेरीत आणि जहाजाच्या अनुभवावरून ठरला:

"या प्लॉटातील उसावर 18 टक्के सेवा आकार आपोआप लागू. रात्रीच्या लायटीवर पाणी पाजल्याच्या कौतुकापोटी. रक्कम पूर्णपणे ऐच्छिक. काढून टाकायची असल्यास पहाटे तीन वाजता मोटरीजवळ रांगेत उभे राहून लेखी कारण द्यावे."

दुसऱ्या दिवशी ऊसनोंदीला कारखान्याचा चिटबॉय आला. त्यानं गाडी स्टँडला लावली, बोर्ड दोनदा वाचला, खिशातलं पेन काढून उगाच वहीवर टेकवलं आणि दाजींच्या जवळ येऊन आवाज खाली घेत म्हणाला, "तात्या, बोर्ड झ्याक हाय. ह्या अठरात आमचं किती धरलंय?"