मधली, खालची, बिनखिडकीची

मुंबई-गोवा सागरी पर्यटनाच्या इतिहासात ज्याची नोंद अद्याप कोणीही घेतलेली नाही, असा एक मानवप्रकार ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या रेल्वेपट्ट्यात मुबलक आढळतो. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला केबिनशोधक म्हणावे. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बहुधा बँकेतली, नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली, आणि मनात ठाम श्रद्धा अशी, की जगातल्या प्रत्येक वाहनात योग्य जागा एकच असते व ती कोणीतरी आधीच अडवलेली असते. ही श्रद्धा अनुभवातून आलेली आहे. तीस-पस्तीस वर्षे डोंबिवलीहून लोकलने मुंबई गाठलेल्या माणसाला वाऱ्याची खिडकी कोणती, उन्हाची कोणती, आणि तिघांच्या बाकावर चौथी सीट, म्हणजे अर्धे अंग टेकण्यापुरती कडा, मिळू देतील असे सडपातळ तिघे कोणत्या डब्यात बसतात, हे तोंडपाठ असते. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळावी म्हणून आधी दिवा किंवा कोपर गाठायचे आणि तीच गाडी मुंबईकडून येत असताना तिच्यात बसून यायचे, याला तिथे ‘डाऊन करून येणे’ म्हणतात. जो मनुष्य बसण्यासाठी एवढा उलटा प्रवास करतो, तो जहाजावरची खोली डोळे मिटून घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याच्या या विद्येला समुद्र लाभला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले तेव्हा. जहाजाचे नाव विजयदुर्गासमोरच्या समुद्रातील ‘आंग्रिया बँक’वरून घेतलेले होते. बँक म्हणजे इथे पाण्याखालचे उथळ पठार, आणि त्या पठाराला नाव मिळाले ते कान्होजी आंग्रे यांचे. केबिनशोधकाने बुडालेल्या बँका पाहिल्या होत्या, पण प्रवाळ असलेली ही पहिलीच. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये ‘एम्प्रेस’ हे अकरा मजली जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले आणि अभ्यासक्रम एकदम वाढला, कारण आता आतली बिनखिडकीची खोली, समुद्र दिसणारी खोली, सज्जाची खोली आणि स्वीट असे वर्गच पडले.

जहाजाचा नकाशा, म्हणजे प्रत्येक मजल्यावरील खोल्यांचा आराखडा, तो मोबाइलवर पाहत नाही. फडके रोडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तो मोठ्या कागदावर रंगीत काढून आणला जातो, जेवणाच्या टेबलावर पसरला जातो, चार कोपऱ्यांवर मेतकुटाची बरणी, चष्म्याचे घर, बडीशेपेची डबी आणि रिमोट ठेवला जातो, आणि मग मुलाच्या जुन्या कंपासपेटीतील पट्टीने जहाजाचा मध्य काढला जातो. यामागचे शास्त्र खरे आहे. लाटांवर जहाज दोन प्रमुख तऱ्हांनी हलते. डावी-उजवीकडे झुलते आणि पुढून-मागून वरखाली होते. बागेतल्या सीसॉच्या टोकाला बसलेल्याला जो हिसका बसतो तो मधल्या खिळ्यापाशी बसत नाही, तसेच जहाजाच्या मधोमध व पाण्यालगतच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते, म्हणून ज्याला बोट लागते त्याने मधली, खालची खोली घ्यावी. शिडांच्या जहाजात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे वारा एका बाजूने शिडात भरला की सबंध जहाज दुसऱ्या बाजूला कलते आणि बराच वेळ कललेलेच राहते. २००० साली बांधलेल्या, पाच डोलकाठ्यांच्या व बेचाळीस शिडांच्या ‘रॉयल क्लिपर’ची चित्रफीत पाहिल्यापासून केबिनशोधक एम्प्रेसच्या नकाशावरही वाऱ्याची दिशा बाणाने दाखवतो. एम्प्रेसला शिडे नाहीत, हे त्याला सांगण्याचे धाडस घरात कोणी करत नाही.

मग डोक्यावर डिस्कोथेक नको, पायाखाली मुदपाकखाना नको, शेजारी लिफ्ट नको, आणि खिडकीसमोर टांगलेली जीवरक्षक होडी तर नकोच, कारण समोरच्याच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरी पाहण्यात आयुष्य गेलेच आहे. कंपनीच ऐनवेळी क्रमांक ठरवते अशी स्वस्त ‘गॅरंटी’ खोली त्याला आरएसीइतकीच असह्य वाटते.

या प्रकाराचे स्थानिक पोटभेदही आहेत. घोडबंदर रोडवरील ठाणेकराने येऊरचा डोंगर दिसावा म्हणून वरच्या मजल्याचे जादा पैसे मोजलेले असल्याने तो सज्जाखेरीज बोलत नाही. दुर्गाडीजवळ राहणारा कल्याणकर मात्र नकाशा उघडतही नाही, कारण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची जुळवाजुळव याच खाडीकाठी सुरू झाली, तेव्हा जहाजातले आपल्याला कोणी शिकवू नये, असे त्याचे मत असते. त्याला हमखास बोट लागते.

डोंबिवलीकराच्या संशोधनाचा निष्कर्ष तीन आठवड्यांनी हाती येतो: मधली, खालची, बिनखिडकीची. सर्वांत स्वस्त खोलीही बहुधा हीच असते. शास्त्र आणि काटकसर यांचे एवढे एकमत पाहून पत्नीला संशय येतो, पण ती एवढेच विचारते, की जाताना डावीकडे दिसणारा किनारा येताना उजवीकडे येणार, जहाज सुटणार संध्याकाळी, मग ‘डावी बाजू की उजवी’ यावर आठ दिवस कशाला घालवले? उत्तर मिळत नाही. नकाशाची गुंडाळी होते.

प्रत्यक्ष जहाजावर हा गृहस्थ त्या खोलीत फक्त झोपायला जातो; उरलेला वेळ तो वरच्या डेकवर कठडा धरून उभा असतो, जसा लोकलच्या दारात उभा राहायचा. वाऱ्याच्या बाजूची एकुलती एक आरामखुर्ची त्याने हेरलेली असते. तिच्यात पहुडलेल्या माणसाजवळ तो सरकतो, भुवई उंचावतो आणि जुन्या सवयीने विचारतो, “कुठे?” लोकलमध्ये या एका शब्दाचा अर्थ ‘आपण कोणत्या स्थानकावर उतरणार, म्हणजे ही जागा माझी’ असा असतो. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत जाणाऱ्या जुन्या कोकण बोटीवर, जिथे आधी पथारी पसरेल त्याची जागा असे, तिथे या प्रश्नाला थोडाफार अर्थ होता. खुर्चीतला माणूस डोळे न उघडता “गोवा” म्हणतो. मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये या जहाजाला एकही थांबा नाही.