साडेपाच मिलिमीटर

माझा मुतखडा साडेपाच मिलिमीटरचा होता. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस "एवढाच?" म्हणतो आणि मेव्हण्याचा, साडूचा नाहीतर बँकेतल्या कॅशिअरचा बारा मिलिमीटरचा खडा मध्ये आणून ठेवतो. जळगावात उन्हाळ्यात चार माणसं जमली की एकाला खडा असतो आणि उरलेल्या तिघांकडे औषध. अशा गावात साडेपाच मिलिमीटरवर नाव काढणं सोपं नाही. तरी मी प्रयत्न सोडलेले नाहीत.

मुळात हे मोजमापच अन्यायाचं आहे. दुखणं खड्याच्या आकारावर नसतं, तो कुठे अडकला त्यावर असतं. मूत्रपिंडाच्या कोपऱ्यात पडून राहिलेला चांगला थोराड खडा वर्षानुवर्षं चकार शब्द काढत नाही. त्याच्याहून कितीतरी लहान खडा मूत्रवाहिनीत उतरला की घरदार जागं होतं. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि तीन जागी आणखी चिंचोळी. माझा खडा तिसऱ्या चिंचोळ्या जागी, मूत्राशयाच्या अगदी दाराशी अडला. वाट बंद, मागे लघवी तुंबलेली, मूत्रपिंड ताणलेलं, आणि नळी त्या खड्याला पुढे रेटायला पिळवटून निघतेय. हे सगळं मी भेटायला येणाऱ्यांना कागदावर आकृती काढून समजावतो. आकृतीत खडा जरा मोठा काढतो. प्रमाणात काढला तर दिसत नाही.

या कळेची खूण अशी की माणसाला एका जागी पडवत नाही. अपेंडिक्सवाला हलायला घाबरतो, मुतखड्यावाला थांबायला. त्या रात्री मी पलंग सोडला, मोरीच्या कट्ट्यावर बसून पाहिलं, जिन्याच्या पायऱ्या चढून उतरून पाहिल्या आणि शेवटी देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं, कारण घरातली तेवढीच फरशी गार होती. आईला वाटलं, उशिरा का होईना, पोराला सुबुद्धी झाली. तिने निरांजन लावायला घेतलं.

बायको रिक्षावाल्याचा नंबर शोधत होती. तिला मी शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो, "बाळंतपणात असंच दुखत असणार." दोन बाळंतपणं काढलेल्या बाईकडून अशा वेळी निदान एक हुंकार अपेक्षित असतो. "असेल," ती म्हणाली, "तुम्ही आधी पायजमा घाला."

डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन बसलं, कळ ओसरली, आणि तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, पाच पॉइंट पाच. लहानच आहे. पाचच्या आतले बहुतेक आपोआप निघतात. तुमचा किंचित वर आहे, पण निघेल."

अर्धं गाव मी ओरडून उठवलं होतं. 'लहानच' हा शब्द घेऊन गल्लीत शिरायचं कसं? मी चाचपून पाहिलं, "सोनोग्राफीत जरा कमी दिसत असेल ना रे? प्रत्यक्षात मोठा असेल."

"उलट, सर. सोनोग्राफीत थोडा मोठाच दिसतो."

अशा हळव्या मनःस्थितीत मला सॅम्युअल पीप्स आठवला. हा सतराव्या शतकातला लंडनचा सरकारी माणूस, आरमाराच्या कचेरीतला, आणि रोजनिशी लिहिणारा. त्याच्याबद्दल आता थोडं सविस्तर सांगणार आहे. घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत, पण मग त्यांना खरा मुतखडा म्हणजे काय ते कळणार नाही.

पीप्सचा खडा मूत्राशयात होता. २६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्याने तो कापून काढून घेतला. भूल द्यायचं तंत्र यायला तेव्हा पावणेदोनशेहून जास्त वर्षं अवकाश होता, म्हणजे रुग्णाला बांधायचं, चार दांडग्या माणसांनी धरायचं आणि सर्जनने हात चालवायचा. खडा निघाला टेनिसच्या चेंडूएवढा. पीप्स जगला, आणि जगला म्हणजे काय, दरवर्षी २६ मार्चला त्याने या सुटकेची मेजवानी द्यायची प्रथा पाडली. खड्याला खास पेटी करवून घेतली. जॉन एव्हलिन नावाच्या त्याच्या मित्राचा भाऊ खड्याने हैराण होता, शस्त्रक्रियेला धजत नव्हता, तेव्हा १६६९ साली पीप्स आपला खडा बरोबर घेऊन त्याला धीर द्यायला गेला. हे एव्हलिनने स्वतःच्या रोजनिशीत टिपून ठेवलंय. अंथरुणावर माणूस कळवळतोय आणि भेटायला आलेला गृहस्थ खिशातून टेनिसचा चेंडू काढून म्हणतोय, हा बघा माझा. त्याला धीर आला की नाही ठाऊक नाही, मला मात्र या माणसाबद्दल सख्ख्या भावाचं प्रेम वाटतं.

बरं, मेजवानीत काय असायचं? १६६२ च्या बेतात मासे, सहा भाजलेल्या कोंबड्या, गाईच्या जिभा आणि चीज आहे. आजचा कुठलाही युरॉलॉजिस्ट मुतखडेवाल्याला सांगतो की मांसमच्छी बेतानं खा. म्हणजे खडा गेल्याचा आनंद हा माणूस नव्या खड्याचं भूमिपूजन करून साजरा करत होता. १७०३ साली तो वारला, शरीर उघडून पाहिलं, तर डाव्या मूत्रपिंडात आणखी सात खडे. सात! आणि मी साडेपाच मिलिमीटर.

तरीही पीप्सचं पाहून मी हिच्या नथीची रिकामी डबी मागून घेतली. खडा निघाला की त्यात ठेवायचा, असं ठरलं. हिचं म्हणणं, नथ पुन्हा त्या डबीत ठेवायची नाही एवढं लिहून द्या.

खडा निघेपर्यंतचा काळ हा मुतखड्याचा खरा सामाजिक भाग. पानफुटीची पानं आणून देणारे आले, कुळथाचं कढण घेऊन काकू आल्या, शहाळी आली. एरवी चतुर्थी न चुकवणाऱ्या एका सद्‌गृहस्थांनी मला बाजूला घेऊन "बीअर" असं कानात सांगितलं आणि सोबतीला बसायची तयारीही दाखवली. (बीअरने लघवी होते हे खरं, पण मद्याने अंगातलं पाणी कमी होतं हेही खरं. मी डॉक्टरांना विचारलं होतं. जरा आशेनेच.) चोपड्याहून रोज येजा करणारा सहकारी म्हणाला, "सर, चोपड्याची एसटी धरा. शेवटचं सीट. येताना हातात खडा." यावर मी हसलो. पण अमेरिकेतल्या एका डॉक्टरने २०१६ साली हाच प्रयोग छापलेला आहे. सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवून, त्यात खरे खडे घालून, ते पाठपिशवीत ठेवून तो डिस्नेच्या रोलर कोस्टरमध्ये बसला. पुढच्या भागात बसल्यावर खडे क्वचितच सुटले, मागच्या भागात जवळजवळ तीनातले दोन. त्याला २०१८ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. आमच्या सहकाऱ्याचा पास फक्त चोपडा-जळगाव असल्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी लघवी गाळून घ्यायला सांगितली होती. चहाची जुनी गाळणी त्या कामावर गेली. आईने तिला लाल दोरा बांधला आणि तरीही घरातल्या दुसऱ्या गाळणीतून चहा घ्यायला ती बरेच दिवस कचरत होती. एका पहाटे, कसलीही सूचना न देता, गाळणीत 'टिक' असा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं. तपकिरी, खडबडीत, सगळ्या बाजूंनी काटे. गवतातून चालताना पायजम्याला चिकटतो ना, तो गोखरू, फक्त कितीतरी लहान. मी गाळणी घेऊन सगळं घर उठवलं. आईने चष्मा लावला, गाळणी तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि विचारलं, "कुठंय?"

डबीतही तो फार राहिला नाही. तपासणीला पाठवायचा म्हणून लॅबमध्ये दिला. परत मागायला गेलो तर मुलगी म्हणाली, "काका, त्याची भुकटी करूनच तपासतात." हाती आला तो एक कागद: कॅल्शिअम ऑक्झॅलेट. मुतखड्यांमधला सगळ्यांत सामान्य प्रकार. निदान युरिक अ‍ॅसिडचा तरी असायचा.

मग पथ्य. इथे मला खरा राग आहे तो वांग्याच्या बियांवर. कुणी काढलं हे? टोमॅटोची बी, वांग्याची बी, पेरूची बी म्हणे मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तिच्याभोवती खडा धरतो. अहो, बी पोटात जाते, आतड्यात जाते आणि जिथून जायची तिथून निघून जाते. मूत्रपिंडात जायला तिला रस्ताच नाही. पण या अफवेपायी अख्खा हिवाळा, जळगावात, कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरिताच्या पार्ट्यांना मी पुरी आणि मिरचीचा ठेचा खात बसलो. शेतात, वाऱ्याने धूर येतो त्या बाजूला. लोक माझ्याकडे बघून आणखी वाढून घेत.

डॉक्टरांनी शेवटी उलगडा केला. भरीत खा. दूध-दही बंद करू नका, उलट जेवणात असू द्या. त्यातलं कॅल्शिअम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ऑक्झॅलेट ते पालकात, अळूत, बिटात. त्यांचा अतिरेक नको. लिंबू पिळा, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. आणि मीठ कमी करा, मिठाने लघवीतून कॅल्शिअम जास्त जातं.

"मीठ म्हणजे भाजीतलं?"

"शेव, सर. पापड. लोणचं."

खानदेशी माणसाला शेवभाजीशिवाय जगायला सांगणारा हा मुलगा दहावीत माझ्याकडे निबंधात पहिला आला होता.

आणि पाणी. अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे निदान तीन लिटर पाणी, आमच्या उन्हात त्याहून जास्त. या उपायात काही नाट्यच नाही. कळ आली तर लोक धावत येतात. पाणी प्यायलात तर कुणी बघायला येत नाही. तरी मी तक्ता करून फ्रिजवर लावला आणि मोठ्याने वाचून दाखवला. ही मेथी निवडत होती. सहज विचारलं, "तू किती पितेस गं?"

"शाळेच्या दिवशी? सकाळचा चहा. मग घरी आल्यावर."

ती एका खेड्यावर शिकवते. सकाळी एसटीने जाते, संध्याकाळी येते. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत, आणि तिच्या शाळेत ती आहेतही, रंगवलेली. बायांच्या बाजूला कुलूप असतं. किल्ली मागायला पुरुषांच्या घोळक्यातून जावं लागतं आणि कुलूप उघडलं तर नळाला पाणी नाही. म्हणून तिथल्या बाई पाणी पीत नाहीत. मोठ्या मुली पीत नाहीत. तिची बाटली भरलेली जाते आणि भरलेली परत येते. रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी ती बाटली कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. इतकी वर्षं मी समजत होतो, हिला झाडांची आवड.

तिला अधूनमधून लघवीला जळजळ होते, अंगात कसकस असते. औषधाच्या दुकानातून पुडी आणते, ग्लासात ढवळते, पिते, आणि पोळ्या लाटायला घेते. त्याची कुणी आकृती काढलेली नाही. मुंबईत २०११ साली बायकांनी 'राईट टू पी' नावाने मोहीम सुरू केली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्या नावावर दोन तास विनोद झाले होते. त्यातले निम्मे माझे, आणि बरे होते. त्या दुपारी कोपऱ्यातल्या तीन बाई वह्या तपासत होत्या. त्यांच्या टेबलावर बाटल्या होत्या का, मला आठवत नाही.

आता मी शाळेच्या कुलपाबद्दल अर्ज लिहितो. हिच्या सहीने नाही, माझ्या. तिला तिथे नोकरी करायची आहे. उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा चांगला उतरलाय, असं मी तिला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, किल्ली मिळाली तर सांगा.

मध्यंतरी पुन्हा सोनोग्राफी केली. खडा एकदा झाला की जवळपास निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो, म्हणून नजर ठेवायची. ही बरोबर होती. डॉक्टरांनी पोटावर जेल फासून यंत्र फिरवलं, थांबवलं, मागे नेलं.

"उजवीकडे एक बारीक दिसतोय, सर. तीन मिलिमीटर. काही करायचं नाही, फक्त पाणी."

"वाढेल का रे?" मी विचारलं.

हिने माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी उत्तर न देता टिश्यूचा डबा पुढे केला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.