नोंदणीकृत मोबाइलनिवासी श्री. ओटीपी यांस

मा. श्री. ओटीपी,
मुक्काम : नोंदणीकृत मोबाइल क्रमांक

विषय : परदेशात फोन चोरीला गेल्यावर आपण दाखवलेल्या अढळ निष्ठेबद्दल जाहीर आभार.

सा. न. वि. वि.

आपण बहुधा सहा आकड्यांचे. आयुष्य पाच-दहा मिनिटांचं. पण वट अशी की आपण आल्याशिवाय पैसे हलत नाहीत, तत्काळचं तिकीट निघत नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओळखीचा दुसरा पुरावा सक्तीचा केला आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर हळूहळू आपणच ऐसपैस बसलात. तेव्हापासून आपला हिशेब सरळ आहे. ज्याच्याकडे सिम, तो माणूस. ज्याच्याकडे सिम नाही, त्याने आपण कोण आहोत ते सिद्ध करावं, आणि सिद्ध करण्यासाठी सिमवर आलेला ओटीपी सांगावा.

आमच्या दाजींनी आपली ही निष्ठा लंडनमध्ये अनुभवली. दाजी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले. वेस्टमिन्स्टर पुलावर उभे राहून ते टूर मॅनेजरलाच समजावत होते की समोरच्या मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर आहे, बिग बेन ही नुसती आतली घंटा. हातात फोन, फोटोसाठी लांब धरलेला. बॅटरीच्या सायकलवरचा काळ्या कपड्यांतला एक पोरगा फुटपाथवर चढला आणि दाजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोनसह दिसेनासा झाला. २०२४ या एका वर्षात लंडनमध्ये सुमारे १ लाख १७ हजार फोन चोरीला गेल्याची नोंद आहे, त्यामुळे पोलिसांना नवल वाटलं नाही. त्यांनी अतिशय सभ्यपणे एक क्राइम रेफरन्स नंबर दिला. तो विम्याच्या दाव्यासाठी लागतो. दाजींच्या प्रवासविम्यात पासपोर्ट होता, बॅग होती, विमानाचा उशीर होता. मोबाइल नव्हता.

त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. त्याने काच आणि धातू नेला. बाकीचं सगळं आपण नेलंत.

पहिलं काम कार्ड बंद करण्याचं. सोबतच्या ताईच्या फोनवरून बँकेचा १८०० ने सुरू होणारा फुकटचा नंबर लावला, तर तो परदेशातून लागेना. मग अधिक एक्याण्णववाला शोधला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली. ‘सर, आपल्या सुरक्षिततेसाठी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’ दाजी म्हणाले, ‘अहो, तो मोबाइलच चोरीला गेलाय, म्हणून तर फोन केला.’ ती म्हणाली, ‘बरोबर आहे सर. आलेला ओटीपी सांगा.’ शेवटी वरिष्ठ साहेब लाइनवर आले, जन्मतारीख आणि शेवटच्या व्यवहाराची रक्कम विचारून त्यांनी कार्ड बंद केलं. म्हणजे आपल्याशिवाय भागतं. फक्त ते वरिष्ठांनाच ठाऊक असतं.

मग ईमेल. नव्या यंत्रावरून कोणी तरी आत शिरू पाहतंय हे ईमेलवाल्यांनी अचूक ओळखलं आणि विचारलं, ‘हे तुम्हीच आहात ना? मग तुमच्या फोनवर ‘होय’ दाबा.’ विमानाची परतीची तिकिटं ईमेलमध्ये, हॉटेलचे कागद ईमेलमध्ये, आणि ‘होय’ दाबण्याचा अधिकार सायकलवाल्या पोराकडे. यूपीआय सिमशी बांधलेलं, ते तर फोनबरोबरच गेलं.

दाजींचा नाशिकचा भाचा हुशार. तो तडक मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेला, मामांचं तेच सिम पुन्हा काढून द्या म्हणाला. ज्याचं सिम त्याने आधार घेऊन समक्ष यावं, असं उत्तर मिळालं. दुसऱ्याच्या नावावर सिम काढून बँक साफ करणारे ठग आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा नियम योग्यच आहे. नवं सिम मिळाल्यावरही पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, तेही ठगांसाठीच, आणि तेही योग्यच. प्रत्येक नियम एकेकटा घेतला तर शहाणा आहे. सगळे एकत्र आले की फोन गमावलेला माणूस तेवढा संशयित ठरतो.

आता, ओटीपीराव, या काळात आपण होतात कुठे? दाजी बँकेशी हुज्जत घालत असताना आपण चोराच्या हातातल्या स्क्रीनवर एकामागून एक उगवत होतात. फोनला कुलूप असलं तरी आपण बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहता, कारण कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू द्यायचा नाही ही सेटिंग अनेकदा लावायची राहून जाते. सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की आपण तिथेही बिनतक्रार हजर. सिमलाच पिन लावता येतो, मग फोन बदलला तरी तो पिन मागितला जातो, ही सोय जुनीच आहे. आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. बँका तर नाहीच सांगत, त्यांचा आपल्यावर पूर्ण विश्वास.

पुढे आपला प्रवास कसा झाला असेल, याची कल्पना करता येते. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी एका माणसाने आपल्या चोरीला गेलेल्या फोनचा माग हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामापर्यंत काढला. तिथल्या खोक्यात त्याच्या फोनला ८९४ भावंडं होती आणि खोकं हाँगकाँगला निघालेलं होतं. त्या धाग्यावरून पोलिसांनी जी टोळी पकडली, तिने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनकडे पाठवल्याचा संशय आहे. रस्त्यावरच्या चोराला फोनमागे ३०० पौंडांपर्यंत मिळत होते. माग लागू नये म्हणून फोन कसे गुंडाळलेले? गाडीत खायला पोळीभाजी बांधून घ्यावी तसे, फॉईलमध्ये.

ब्रिटनने फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, काळ्या यादीत टाकला तरी चीनमधल्या बहुतेक नेटवर्कवर त्याचं काही अडत नाही. भारत सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही फोन बंद करता येतो, पण ती बंदी भारतातल्या नेटवर्कपुरती, आणि त्या अर्जात मोबाइल क्रमांक मागतात. त्या क्रमांकावर कोण येतं, हे मी आपल्याला सांगायला नको. शिवाय तो पंधरा आकडी आयएमईआय छापलेला खोका दाजींनी जिवापाड जपलाय. नाशिकला, माळ्यावर.

लंडनच्या मराठी घरांना आपला स्वभाव पुरता ठाऊक आहे. कित्येकांच्या ड्रॉवरमध्ये एक जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो. त्यात भारतातलं सिम, ते मरू नये म्हणून वेळच्या वेळी रिचार्ज, आणि काम एकच, आपण याल तेव्हा आपल्याला उतरून घेणं. पाहुण्यांची खोली नसेल, पण आपली सोय असते. हा खटाटोप मला पूर्वी हास्यास्पद वाटे. आता वाटतं, सहलीला निघणाऱ्यानेही बँकेशी जोडलेलं सिम दुसऱ्या साध्या फोनात घालून हॉटेलच्या तिजोरीत ठेवावं आणि ईमेलचे राखीव कोड चक्क कागदावर लिहून पासपोर्टबरोबर न्यावेत. कागद हिसकावायला सायकलवरून कोणी येत नाही.

आपल्याला सुट्टी देण्याची तयारी रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे असून त्यात एसएमएसशिवायच्या पुराव्यांनाही वाट मोकळी आहे. अ‍ॅपमधली मंजुरी, बोटाचा ठसा, चेहरा. यातलं बहुतेक सगळं त्याच फोनात राहणार. तेव्हा आपण काळजी करू नये. माणूस नवा येईल, पत्ता तोच राहील.

दाजी परतले, आधारवर अंगठा दिला, २४ तास थांबले आणि पुन्हा माणसात आले. त्यानंतर काही दिवसांनी ताईच्या फोनवर मेसेज आला. फोन हरवल्याचं दूरवरून कळवताना दाजींनी चोरीला गेलेल्या फोनच्या पडद्यावर तिचाच नंबर झळकवला होता. मेसेज फार आदबीचा होता. आपला आयफोन सापडला आहे, तो कुठे आहे हे पाहण्यासाठी खालील लिंकवर पासवर्ड टाकावा. कुलूप न उघडलेला फोन सुट्या भागांच्या किमतीत जातो, उघडला तर कितीतरी जास्त, म्हणून ही आपुलकी. ताईने उत्तर दिलं नाही, तर दुसरा मेसेज, मग तिसरा. बँकेने पुन्हा फोन केला नाही, पोलिसांनी केला नाही, विमा कंपनीने केला नाही. पाठपुरावा केला तो एवढ्याच मंडळींनी, आणि त्यांनी एकदाही ओटीपी मागितला नाही.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
दाजींचा मेहुणा

ता. क. : हे पत्र पोचल्याची पोच पाठवायची झाल्यास ताईच्या नंबरवर पाठवू नये. तिथे आलेल्या प्रत्येक मेसेजला ती आता चोरच समजते.